परत मागितलेलं वाण

हळदीकुंकवाला वाण काय द्यायचं, याचा खल बेव्हर्ली पार्कच्या बायकांमध्ये डिसेंबरपासूनच सुरू होतो. स्टीलच्या वाट्या देऊन झाल्या, प्लॅस्टिकचे डबे झाले, कुंकवाचे करंडे झाले. एका वर्षी तर तीन घरांतून एकसारखीच चहाची गाळणी आली आणि सगळ्यांनी ती हसून घेतली. दोन हजार नऊच्या संक्रांतीला शैलाला कुणाच्या स्वप्नातसुद्धा येणार नाही असं काहीतरी लुटायचं होतं. तिनं कोळसा लुटला.

पांढऱ्या मलमलीच्या मुठीएवढ्या पुरचुंड्या, लाल दोऱ्यानं बांधलेल्या, आत ज्वारीच्या दाण्यांसारखा बारीक, काळा कुळकुळीत कोळसा. तिळगुळाबरोबर एकेक पुरचुंडी हातावर ठेवत ती प्रत्येकीला सांगत होती, "माठात टाकायची. टँकरच्या पाण्याचा वास जातो, पाणी शुद्ध होतं. साधा चुलीतला कोळसा नाही हं हा. शास्त्रीय आहे."

'शास्त्रीय' म्हणताना तिची मान आपोआप वर जात होती. पुढं कितीतरी दिवस तिला दुसरं काही आठवण्याआधी ती वर गेलेली मान आठवायची, आणि भाजी चिरताचिरता, केस विंचरताविंचरता ती एकटीच मान खाली घालायची.

शैला बारावी झालेली. लग्न होऊन आधी परळच्या चाळीत, मग नवऱ्याच्या, दशरथच्या, इन्शुरन्स ऑफिसच्या कर्जावर मीरा रोडला, बेव्हर्ली पार्क सोसायटीत. मुलगी मोठी होऊन पुण्याला शिकायला गेली, तेव्हा घरात बसून करायचं काय, म्हणून तिनं भाईंदर पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात ऑफिस सांभाळायची नोकरी धरली. नळ, कड्या, बाथरूममधल्या टॉवेल टांगायच्या दांड्या यांना तिथं क्रोमचा चकचकीत मुलामा चढायचा. मालक ईश्वरभाई. मुलामा चढवून उरलेलं पिवळं पाणी वर्षानुवर्षं गाळ्यामागच्या नाल्यात जायचं आणि नाल्यातून खाडीत.

दोन वर्षांपूर्वी निशिगंधा नावाची एक मुलगी ईश्वरभाईंकडे आली. कॉलेजात संशोधन करणारी, पाठीवर सॅक, पायात स्पोर्ट्‌स शूज. भाताचं तूस आणि नारळाच्या करवंट्या बंद पिंपात, हवा लागू न देता जाळायच्या. त्याचा जो कोळसा होतो त्यातून हे पाणी गाळायचं. पाण्यातले विषारी धातू कोळसा धरून ठेवतो. तिला हे खऱ्याखुऱ्या गाळ्यात करून बघायचं होतं. ईश्वरभाईंना तेव्हाच प्रदूषणाची नोटीस आली होती, त्यामुळं त्यांनी एका दमात हो म्हटलं. निशिगंधा त्या कोळशाला बायोचार म्हणायची. गाळ्यातले सगळे कोळसाच म्हणायचे.

आणि शैलाला त्या कोळशानं झपाटलं. निशिगंधानं दिलेले इंग्रजी झेरॉक्स कागद ती शेजारी डिक्शनरी ठेवून वाचायची. समास शब्दार्थांनी भरून गेले होते. पाणी तपासायचं ती चार दिवसांत शिकली. छोट्या बाटलीत पाणी, आम्लाचे थेंब, मग एका औषधाचे दोन थेंब. क्रोम असेल तर पाणी जांभळं होतं. टाकीतलं पाणी असं दाट जांभळं व्हायचं, की कुणी जांभळं चुरडून टाकलीत असं वाटावं. कोळशाच्या तीन पिंपांतून गाळलेलं पाणी मात्र होतं तसं नितळ राहायचं. पहिल्यांदा ते नितळ पाणी बघून शैलाला भरून आलं होतं. गाळ्यातल्या पंढरीनाथनं विचारलं, "ताई, डोळ्यांत आम्ल उडालं का?"

वापरलेला कोळसा कुठल्या गोणीत आणि ताजा कुठल्या, याचा नियमही तिनंच घातला. ताज्याला सुंभ, वापरलेल्याला निळी नायलॉनची दोरी. वापरलेला गच्चीवर बंद खोलीत ठेवायचा, धोकादायक कचऱ्याची गाडी येईपर्यंत. पंढरीनाथला तिनं तीनदा पाठ म्हणायला लावला होता.

आता खरी गोष्ट. संक्रांतीच्या दोन दिवस आधी, गाळ्यातल्या टेबलावर मलमलीचे चौकोन मांडून ती पुरचुंड्या बांधायला बसली. सुंभाची गोणी उघडली, हात घातला, तर हात कोपरापर्यंत काळा. पहिली पुरचुंडी बांधली, तर मलमलीवर काळी बोटं. ताजा कोळसा तसाच असतो, त्याची पूड सुटते. शैलाच्या डोळ्यांसमोर समोरच्या ब्लॉकमधल्या पूर्वीबेनची मोतिया रंगाची रेशमी साडी आली. त्या साडीवर काळा डाग पडला तर?

गाळ्याच्या दाराशी निळ्या दोरीची एक गोणी गच्चीवरून उतरवून ठेवलेली होती. निशिगंधानं सांगितलं होतं, यातला कोळसा तीनदा धुऊन वाळवा, पुन्हा वापरता येतो का ते बघू. पंढरीनाथनं तो धुतला होता, उन्हात वाळवला होता. शैलानं मूठभर घेऊन बघितला. हाताला काहीच लागलं नाही. एकसारखे, स्वच्छ, किंचित चमकणारे दाणे. दागिन्यांच्या दुकानात ठेवावे असे.

"ताई, तो पिंपातला आहे," पंढरीनाथ म्हणाला.

"तीनदा धुतलायस ना?"

"धुतलाय. पण..."

"मग झालं तर. पंढरीनाथ, हे मला शिकवू नकोस."

ती हसत म्हणाली. तो परत टाकीकडं वळला. आयुष्यभर भांडी घासली, कपडे धुतले, गाळणी विसळली. तीनदा धुतलेली वस्तू स्वच्छ असते हे तिच्या हातांना इतकं ठाऊक होतं, की डोक्याला बोलायला जागाच उरली नाही.

तिनं एकतीस पुरचुंड्या बांधल्या. शिवाय एक स्वतःच्या माठाला.

तीस सोसायटीतल्या बायकांना. एकतिसावी राई गावच्या इंदुबाईंना.

इंदुबाई म्हणजे गाळ्याला कोळसा करून देणाऱ्या. राईला त्यांचं खाडीलगत जुनं घर. एके काळी मिठागर होतं, थोडं भात होतं. आता भाताच्या जागेवर सात मजल्यांची बिल्डिंग उभी होती आणि दुपारी तिची सावली इंदुबाईंच्या अंगणात पडायची. त्या अंगणात लोखंडी पिंपात करवंट्या आणि तूस भरून, झाकण मातीनं लिंपून, त्या असा काही कोळसा पाडायच्या की निशिगंधा म्हणायची, आमच्या लॅबच्या भट्टीलाही असा जमत नाही. नवरा जाऊन त्यांना बारा वर्षं झाली होती.

म्हणूनच शैलानं त्यांना हळदीकुंकवाला बोलावलं. मुद्दाम. कुणी बोलावत नाही म्हणून आपण बोलवायचं, असं तिनं ठरवलं होतं, आणि हे ठरवल्याचं तिनं दशरथला दोनदा आणि पुण्याच्या लेकीला फोनवर एकदा सांगितलं होतं.

इंदुबाई आल्या, दाराशीच बसल्या. शैलाचं कुंकवाचं बोट पुढं आलं तशी त्यांनी मान मागं घेतली. "मना नको गं बाय. हलद लाव."

"दोन्ही लावणार," शैला म्हणाली आणि लावलंच. खोलीत एकदम सगळ्यांना आपापल्या बांगड्या नीट करायची आठवण झाली. दोघीतिघी उशीर झाला म्हणत उठल्या. इंदुबाईंनी पुरचुंडी हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

"बारा वरसां जाली," त्या म्हणाल्या. "कुनी वान न्हाय दिलं."

त्या दिवशी शैलाला रात्रीचं जेवणही गेलं नाही, इतकी ती स्वतःवर खूश होती.

आठ दिवसांनी, रविवारी सकाळी, दशरथ पेपर वाचत होता आणि माठातलं पाणी पिताना म्हणाला, "तुझ्या कोळशानं चव तर काही बदलली नाही बुवा."

"चवीचं काय घेऊन बसलात? थांबा, दाखवतेच," म्हणत शैलानं पर्समधून गाळ्यातली तपासायची पेटी काढली. ती हल्ली पेटी बरोबरच ठेवायची. माठातलं पाणी बाटलीत घेतलं, आम्ल घातलं. "आता हे दोन थेंब. रंग बदलला तर क्रोम. नाही बदलला तर स्वच्छ. हे बघा."

दशरथनं चष्मा कपाळावरून खाली घेतला. "बदलला की."

शैलानं बाटली खिडकीकडे धरली. गाळ्यातल्यासारखा दाट नव्हे. नवी साडी धुताना दुसऱ्या पाण्याला येतो तसा, फिकट जांभळा.

"छान रंग आहे," दशरथ म्हणाला.

"बाटली धुतलेली नव्हती."

तिनं बाटली धुतली. पुन्हा केलं. पुन्हा तोच रंग. मग नळाचं, म्हणजे टँकरचं, सरळ पाणी घेतलं. ते नितळ राहिलं. ती ओट्याला टेकून उभी राहिली. माठात, तळाशी, मलमलीची पुरचुंडी निवांत बसली होती.

"शैला? काय झालं गं?"

"तुम्ही ते पाणी पिऊ नका," ती म्हणाली. दशरथनं हातातल्या पेल्याकडे बघितलं, शैलाकडे बघितलं, आणि पेला हळूच सिंकमध्ये ठेवला, आवाज होऊ न देता. त्या आवाज न करण्याचीच तिला इतकी शरम वाटली, की तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

निशिगंधानं फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ताई, कुठल्या गोणीतला?"

"निळ्या दोरीच्या. पण धुतलेला होता गं. तीनदा."

"निळ्या दोरीच्या." निशिगंधानं तेच शब्द परत म्हटले. "ताई, ती दोरी तुम्हीच ठरवली होतीत."

"हो."

"कोळसा धातू खाऊन टाकत नाही हो. धरून ठेवतो फक्त. आंबट पाण्यात घट्ट धरतो, साध्या पाण्यात नेऊन ठेवला की थोडं थोडं सोडत राहतो. धुऊन सगळं जात नाही. गेलं असतं तर मी कशाला दोन वर्षं..." ती थांबली. रागावायचं नाही असं ठरवून बोलणाऱ्या माणसाचा आवाज तिनं लावला. "घाबरू नका. इतक्या थोड्यानं आठ दिवसांत बहुधा कुणाला काही होणार नाही. पण आता एक दिवसही जास्त नको. सगळ्या परत घ्या. पाणी ओतून टाकायला सांगा. कुणी गरोदर असेल, लहान मूल असेल, तर डॉक्टरांना दाखवायला सांगा. आणि ताई, कारण सांगून घ्या."

कारण सांगून घ्या. शैलानं भाईंदरहून तीस स्टीलच्या वाट्या आणल्या, पिशवीत भरल्या आणि कारण सांगितलं. फक्त ते कारण खोटं होतं.

"त्या लॉटला बुरशी धरलीय," ती प्रत्येक दारात म्हणाली. "ते पाणी टाकून द्या, माठ घासून घ्या, आणि ही वाटी ठेवा."

'लॉट' हा शब्द तिला जिन्यात सुचला. तो शब्द आला की जसं काही चूक कुठल्या तरी कारखान्याची होती, तिची नव्हती.

तीस दारं म्हणजे तीस वेगळ्या फजित्या. एकीनं पुरचुंडी चपलांच्या कपाटातून काढून दिली. "वास छान जातो हं," म्हणाली. एकीची फ्रिजमध्ये लसणाशेजारी होती. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी देवघरातून काढून दिली, वर हळद-अक्षता वाहिलेली. नऊजणींनी तर उघडूनही बघितली नव्हती. शैलाच्या पोटात प्रत्येक वेळी एक गार सुटकेची लाट यायची, आणि तिच्यापाठोपाठ एक बारीक चिमटा: म्हणजे माझ्यावर कुणाचा विश्वासच नव्हता की. मग त्या चिमट्याचीही लाज.

अकराजणींनी मात्र खरंच माठात टाकली होती. त्यांतल्या एक पूर्वीबेन.

"अरे शैलाबेन, वाण भी कोई वापस लेता है क्या? अपशकुन होता है," असं म्हणत त्या आत गेल्या आणि ओली पुरचुंडी घेऊन आल्या. "मेरी सासूमाँ तो बोलती थी, पाणी एकदम मीठा हो गया."

"बुरशी है," शैला म्हणाली. "पूरा लॉट खराब निकला."

"आपकी क्या गलती इसमें?" पूर्वीबेन म्हणाल्या आणि तिच्या हातावर हात ठेवला.

तिनं तो हात ठेवून घेतला.

संध्याकाळपर्यंत तीस पुरचुंड्या बादलीत जमल्या. दशरथनं विचारलं, "काय सांगितलंस त्यांना?" शैला म्हणाली, "बुरशी." तो नुसता पेपर घडी करत राहिला. ती मनाशी म्हणाली, काम तर झालं ना? पाणी तर ओतलं ना सगळ्यांनी? उगाच घबराट कशाला. ईश्वरभाईंचा गाळा बंद पडेल, निशिगंधाचा प्रयोग बदनाम होईल. इतकी चांगली चांगली कारणं तिच्याकडं होती, की तिला स्वतःचं नाव त्यात कुठंच घ्यावं लागलं नाही.

सोमवारी सकाळी भाईंदर पश्चिमेहून रिक्षा करून ती राईला निघाली. मुर्धा गाव मागं पडलं. रस्त्याच्या कडेला उन्हात जाळी पसरली होती. पिशवीत एक वाटी होती, इंदुबाईंसाठी जरा मोठी घेतलेली.

अंगणात इंदुबाई करवंट्या फोडत बसल्या होत्या. त्यांची सून पिंकी उंबऱ्यावर मटार सोलत होती. सातवा महिना होता. पोटावर परात टेकवून सोलत होती ती.

"ये गं बाय, उनात कां उबी?" इंदुबाई म्हणाल्या. "पिंकी, पानी आन ताईला. तुजेच कोलशाचा पानी हाय हां शैला. पिंकी त दुसऱ्या पान्याला हातच लावत न्हाय आता."

"नको, पाणी नको." शैलाचा आवाज जरा मोठाच निघाला. "इंदुबाई, ती पुरचुंडी परत न्यायला आलेय. बदलून देते. बुरशी धरलीय त्या लॉटला."

इंदुबाईंचा हात करवंटीवर थांबला.

"बुरशी? कोलशाला?"

तीस शिकलेल्या बायकांतली एकही बाई हे बोलली नव्हती.

"कोलशाला बुरशी धरत न्हाय, शैला. माजा जलम ग्येला त्यात." त्या तिच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू बसत गेलं, पाण्यात माती बसते तसं. "हां. समाजलं मना."

"काय?"

"तुजे बायका बोलल्या आसतील. मी तवाच बोल्ली होती, कुकू नको लावू म्हनून. तू ऐकत न्हाय. आता वान परत न्यायला धाडली त्यांनी तुला." त्यांनी कोयता खाली ठेवला. "तुजा काय दोस न्हाय गं. तू चांगली हायेस."

शैलानं तोंड उघडलं. आणि मिटलं.

खरी लाज इथं होती, कालच्या तीस दारांतल्या फजित्या तिच्यापुढं काहीच नव्हत्या. कारण इंदुबाईंनी दिलेलं हे कारण बुरशीपेक्षा कितीतरी सोयीचं होतं. ती नुसती गप्प बसली, तरी सगळं जुळत होतं. वाईट त्या सोसायटीतल्या बायका. शैला चांगली. आत्ताच तर म्हणाल्या त्या. दहा आकडे मोजावेत इतका वेळ शैला त्या चांगलेपणात उभी राहिली.

इंदुबाई आत गेल्या. माठाचं झाकण वाजलं. ओली पुरचुंडी ओंजळीत धरून बाहेर आल्या, पाणी मनगटावरून कोपराकडं ओघळत होतं. त्यांनी ती शैलापुढं धरली.

"ने."

मग मोकळ्या हातानं पदर घेऊन त्यांनी कपाळ पुसलं. कपाळावर काहीच नव्हतं. घाम होता नुसता.

"नाही," शैला म्हणाली. "इंदुबाई, नाही. कुणी काही बोललं नाही. तसं नाहीये ते."

"मंग कसं हाय?"

"मी तुम्हांला वापरलेला कोळसा दिला."

पिंकीनं वर बघितलं.

"गाळ्यातल्या पिंपातला. क्रोमच्या पाण्यात चार महिने बुडालेला. ज्यानं विष धरलेलं असतं तो. धुतला होता, पण धुऊन जात नाही ते. माठात ते पाण्यात उतरतं. माझ्या माठातलं पाणी मी काल तपासलं, जांभळं झालं." ती थांबायला घाबरत होती, म्हणून बोलतच राहिली. "बुरशी खोटं होतं. तुम्ही म्हणालात तेही खोटं, आणि मी ते खोडलं नाही लगेच. तुमचा कोळसा चांगला होता. तुमचा ताजा कोळसा माझ्या हाताशीच होता. पण त्यानं मलमल काळी होत होती."

अंगणात सात मजल्यांची सावली अजून यायची होती. ऊन लख्ख होतं. पिंकीनं परात बाजूला ठेवली आणि हात पोटावर नेला, नकळत.

"तुला म्हाईत होतं?" इंदुबाईंनी विचारलं.

"अर्धं."

"आर्धं म्हंजे?"

"पंढरीनाथ म्हणाला होता. मला वाटलं, धुतलाय म्हणजे चालेल." तिनं ओठ चावला. "नाही. वाटलं नव्हतं. वाटून घेतलं मी."

इंदुबाई ओल्या पुरचुंडीकडं बघत होत्या. पाणी अजून ठिबकत होतं.

"पिंकीला आजच डॉक्टरांना दाखवा," शैला म्हणाली. "मी येते बरोबर. निशिगंधा म्हणाली, थोडं आहे, घाबरायचं कारण नाही. पण दाखवायचं, आणि काय पोटात गेलं ते मी सांगेन त्यांना."

"पोराला काय होतंय का?" पिंकीनं विचारलं. पहिल्यांदाच बोलली ती.

"बहुतेक नाही," शैला म्हणाली. "पण मी तुला नक्की सांगू शकत नाही गं. मला जेवढं येतं असं मी दाखवते ना, तेवढं मला येत नाही."

इंदुबाई पुरचुंडी खाली ठेवून माठ उचलायला आत गेल्या. शैला धावली. "इथं अळवात नका ओतू. कॅन द्या, मी गाळ्यात नेते, पिंपातून गाळून मगच सोडीन." तेलाचा रिकामा कॅन मिळाला. दोघींनी मिळून माठ कलता केला. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. आपण नासवलेलं पाणी परत न्यायला आलेली बाई म्हणून शैला कॅनचं तोंड धरून उकिडवी बसली होती, आणि पाणी तिच्या साडीवर सांडत होतं.

"माठ घासून वापरू का फोडू?"

"फोडा. माती धरून ठेवते. मी नवीन आणते."

"नको. माजा मी आनीन." इंदुबाईंनी वाटीच्या पिशवीकडं बघितलं. "ते बी ने."

शैलानं पुरचुंडी उचलून पिशवीत टाकली, आणि थबकली. ओली असूनही ती हलकी होती.

"इंदुबाई, यातला कोळसा..."

इंदुबाईंनी दाराच्या चौकटीला हात लावला. "वान लुटायचा आसतं ना? मी तीन वाटं केलं. पल्याडच्या घरांच्या दोघी, त्या बी माज्यावानीच. त्यांना तरी कोन देतंय."

शैलानं कॅन उचलला.

"चल," इंदुबाईंनी पायांत चपला सरकवल्या. "मी न्हाय सांगनार. तुजे त्वांडानं सांग."

पहिलं घर कौलारू, गल्लीच्या तोंडाशी. ओटीवर एक म्हातारी सुकी मासळी निवडत बसली होती. इंदुबाई बाजूला उभ्या राहिल्या, हात पोटाशी बांधून. शैलानं वाकून, हळू आवाजात सांगितलं.

म्हातारीनं कानामागं हात धरला. "काय बोलतंय? मोठ्यानं बोल गं बाय, मना आयकाया येत न्हाय."

शैलानं इंदुबाईंकडं बघितलं. इंदुबाई खाडीकडं बघत होत्या.

"कोळसा!" शैला ओरडली. "तुम्हांला इंदुबाईंनी दिला तो! तो खराब होता! मी दिला होता!"

"खराब? आसा कसा खराब?"

"विषारी होता! माझी चूक! मी वापरलेला दिला, चांगला दिसतो म्हणून!"

समोरच्या घराचं दार उघडलं. मग शेजारचं. नळावर उभ्या दोन बायका हंडे तसेच ठेवून वळल्या. शैलाच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या, पण आता मागं येता येत नव्हतं. म्हातारीनं अजून दोन प्रश्न विचारले आणि दोन्हींची उत्तरं तिला गल्लीच्या टोकापर्यंत पोचतील अशी द्यावी लागली. शेवटी म्हातारी उठली, आतून कापडाचा छोटासा तुकडा घेऊन आली. कोळसा अजून तसाच गाठीत होता.

"मी न्हाय टाकला माठात," ती म्हणाली. "देवाम्होरं ठेवला व्हता. वान हाय ना."

दुसरीनं टाकला होता. तिचा माठ इंदुबाईंनीच रिकामा केला. शैलानं कॅन धरला. तिथं शैलाला ओरडावं लागलं नाही. गल्लीनं तिच्या आधीच सांगून ठेवलं होतं.

पिंकीला घेऊन दोघी डॉक्टरांकडं जाऊन आल्या. डॉक्टरांनी रक्त घेतलं, लघवी तपासायला घेतली, पाणी भरपूर प्या म्हणाले, दोन आठवड्यांनी या म्हणाले. तिथं शैलानं क्रोम, किती दिवस, किती पाणी, सगळं सांगितलं. 'लॉट' म्हटलं नाही. बाहेर रिक्षाची वाट बघताना पिंकी म्हणाली, "ताई, ते कॅनचं झाकन नीट लावा, तुमच्या पायावर गलतंय," आणि स्वतःच वाकून घट्ट करायला लागली. शैलानं तिला वाकू दिलं नाही.

निघताना इंदुबाईंनी विचारलं, "तुजे सोसायटीतल्या बायकांना काय सांगितलंस?"

"बुरशी."

इंदुबाई हसल्या नाहीत. चिडल्याही नाहीत. बाजारात माप कमी भरलं की बाई तराजूकडं बघते, तशा शैलाकडं बघत राहिल्या. "म्हंजे मनाच खरं सांगितलंस. कां? मी कोलसा ओलखतंय म्हनून?"

याचं उत्तर 'हो' होतं.

"पुढल्या हप्त्यात कोलसा घ्यायला मानूस धाडू नको," इंदुबाई म्हणाल्या. "मी सांगीन तवा धाड." आणि पिंकीचा हात धरून त्या वळल्या.

कॅन गाळ्यात ठेवून, पंढरीनाथला सगळं सांगून (त्यानं फक्त "बरं" म्हटलं, आणि ते "बरं" तिच्याबरोबर रिक्षातून घरापर्यंत आलं), शैला संध्याकाळी पाचला बेव्हर्ली पार्कच्या जिन्यात उभी राहिली. तीस दारं. कालच्याच पायऱ्या. आज पिशवीत काही नव्हतं.

पूर्वीबेननी कणकेच्या हातांनी दार उघडलं. "अरे! अब क्या वाटी वापस लेने आई?" त्या हसत म्हणाल्या.

"नहीं. आज कुछ लेने नहीं आई." शैलानं रिकामी पिशवी पुढं धरली. "पूर्वीबेन, कल मैंने झूठ बोला. बुरशी नहीं थी. कोळसा मेरे गाळे का था, ज़हरवाला, वापरा हुआ. मुझे मालूम था. सासूमाँ को डॉक्टर को दिखाना पड़ेगा."

पूर्वीबेनच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच राहिलं, काय करावं ते न कळून. आतून सासूबाईंच्या टीव्हीचा आवाज येत होता. कालचा तो हात, शैलाच्या हातावर ठेवलेला, आता कणकेत माखून दाराच्या कडेला चिकटला होता.

"मालूम था?" त्या म्हणाल्या.

"आधा," शैला म्हणाली, आणि लगेच, "नहीं. मालूम था."

पूर्वीबेननी आत या म्हटलं नाही. दारही लावलं नाही. शैला उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि कुठल्या गोणीला कुठली दोरी होती, तिथपासून सांगायला लागली.